बिनदाताचा चावा

मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो, पण आजवर एकही पेशंट मला चावलेला नाही. चावला तो सासूबाईंचा पोपट, ज्याच्या तोंडात औषधालासुद्धा दात नाही.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या पिंजरा घेऊनच. त्यांच्या खांद्यावर तो शहाण्या बाळासारखा बसायचा. बायकोच्या हातून सफरचंद खायचा. मी बोट पुढे केलं की मात्र कडकडून चावायचा. मी किंचाळायचो, हात झटकायचो आणि तेच बोट नाचवत त्याला चार शब्द सुनावायचो. तो मान तिरकी करून सगळं मनापासून ऐकायचा आणि पुन्हा तेच बोट पकडायचा.

दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. एका दुपारी त्याने असा लचका तोडला की मी "आई गं, मेलो!" म्हणून बोंब ठोकली. बोटाला पट्टी बांधून बाहेर येतो तर बाक रिकामा. अक्कलदाढ काढायला आलेले गृहस्थ पसार!

"त्यांना वाटलं, आत कुणाची तरी दाढ उपटताय," बायको तोंड दाबून म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. "जावईबापू, रागावू नका, पण तुम्ही थेट त्याच्या तोंडावर बोट नेता. तो बुबुळं बारीक करतो, मानेची पिसं फुलवतो, म्हणजे 'नको' म्हणतो. तुमचं लक्षच नसतं. वर चावल्यावर एवढा नाच! फुकटचा तमाशा कोण सोडेल?"

"मग मी करू तरी काय?"

"काही करू नका. जमेल?"

सुरुवातीला जमेना. मी टेबलावर हात ठेवून नुसता बसू लागलो. त्याने पिसं फुलवली की हात मागे. तरीही चावलाच तर किंकाळी गिळायची, त्याला गुपचूप दांडीवर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण ते त्याला दिसायचं नाही. मागून हिरमुसलेलं "टर्र" तेवढं ऐकू यायचं.

हळूहळू चावे कमी झाले. मग एका सकाळी तो आपणहून माझ्या मनगटावर चढला. त्याने चोचीत बोट धरलं, जरासं दाबून पाहिलं आणि सोडून दिलं. मी श्वास रोखून पुतळ्यासारखा बसलो. चहा निवला. नाकाला खाज सुटली.

"अहो, पेशंट आलेत," बायको दारातून म्हणाली.

"बसव त्यांना," मी ओठ न हलवता पुटपुटलो.