घरचा नंबर

बायको गेल्याचं कळलं त्या दिवशी सुपरवायझर नव्या वसाहतीच्या पंपिंग स्टेशनच्या विहिरीत उतरला होता. दवाखान्यातून नऊ फोन येऊन गेले होते, आणि त्याचा फोन वरच राहिला होता. त्या दिवशी तपासणीला आलेला पाणी खात्याचा तपासनीस विहिरीच्या झाकणाच्या बिजागरीवर शेरा मारून निघून गेला.

महिन्याने तपासनीस पुन्हा आला. स्टेशन पाणी खात्याच्या ताब्यात जायला एकच चाचणी उरली होती. पंप बिघडला की यंत्र आपोआप एका नंबरवर फोन लावतं, आणि तो कुणीतरी उचलावा लागतो. सुपरवायझरने तिथे घरचा नंबर दिला होता. पंप सारखे बंद पडायचे, तेव्हा बायको तो फोन घ्यायची आणि स्टेशनच्या रखवालदाराला कळवायची, "आमच्या ह्यांना सांगा, सवतीने बोलावलंय."

तपासनीसाने पंप बंद केला. यंत्राने फोन लावला. घंटा वाजत राहिली.

"काय हो, घरात कुणी आहे की नाही?"

"नाही."

"मग नंबर बदला की राव! हा अर्ज भरा, आजच ताबा घेतो. लोक राहायला यायचे खोळंबलेत."

सुपरवायझरने नवा नंबर लिहिला. खाली जुना नंबर रद्द करण्याचं कारण विचारलं होतं.

"लिहा, उचलणारं कुणी नाही."

"तुम्हीच लिहा, साहेब."

"माझं अक्षर चालत नाही. तुमचंच लागतं."

सुपरवायझरने पेन परत दिलं.

स्टेशनचा ताबा अजून दिलेला नाही. कारणाचा रकाना कोरा आहे.