दोन रकाने

माझा धाकटा भाऊ टूलरूममध्ये डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचा. सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात. तिथे त्याला सगळे वस्ताद म्हणायचे. कारखाना बंद पडला, पाठोपाठ आमचे बाबा अंथरुणाला खिळले आणि दीड वर्ष त्यांचं सगळं यानेच केलं. बाबा गेले तेव्हा हा एक्कावन्न वर्षांचा होता आणि नोकरीसाठी अर्ज कसा करतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रकं, दुकानांची दरपत्रकं, माहितीपुस्तिका, जे येईल ते. पानावर रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो, हा माझा जुना रोग.

तो हाताने लिहिलेला कागद घेऊन आला. वरून खाली, वर्षांनुसार, शेवटचं काम सगळ्यात वर. त्याच्याही वर एक ओळ होती : ‘दीड वर्ष – वडिलांचे आजारपण, घरी.’

“अरे, हा बायोडेटा आहे की दुखवट्याचं पत्र?” मी म्हणाले. “आणि तारखा एवढ्या ठळक? लगेच वय मोजतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“पण खरं तेच लिहिलंय ना, ताई.”

“खोटं लिही कोण म्हणतंय? आधी काय येतं ते सांगायचं. कधी केलं ते मागून.”

मी दोन रकाने पाडले. डावीकडे रुंद रकान्यात त्याची कौशल्यं, चौकटीत. उजवीकडे अरुंद रकान्यात, बारीक टाइपात तारखा, शिक्षण, घरची माहिती, छंद. मध्ये एक नाजूक उभी रेघ. पान असं देखणं झालं की मी एक प्रत नमुना म्हणून भिंतीवर लावली. त्याने ते बराच वेळ पाहिलं.

“यात मी कुठे आहे ते सापडत नाही गं,” तो म्हणाला.

“तुला काय कळतंय त्यातलं!” मी म्हणाले.

आठ महिन्यांत त्रेसष्ट ठिकाणी अर्ज गेले. एकाचंही उत्तर आलं नाही. सुरुवातीला तो आंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर न्यायचा. पुढे फोन कुठेही पडलेला असायचा. दाढी वाढली, ओळखीच्या माणसांना टाळणं सुरू झालं. एकदा भावजय दुकानात येऊन रडली. हा भर दुपारी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभा राहून लोखंडाचा तुकडा कानशीने घासत होता, म्हणे. मग मायक्रोमीटरने मोजायचा, परत घासायचा. आपला हात गेला की काय ते बघत होता.

“मग? गेलाय का?” मी विचारलं.

“नाही हो. माप बरोबर आलं. तरी म्हणाला, ‘एवढे लोक एकाच वेळी चुकत नसतात.’”

मी तिला धीर धरायला सांगितलं. प्रयत्नांती परमेश्वर वगैरेही म्हणाले. दुसऱ्याला द्यायला माझ्याकडे अशी वाक्यं खूप असतात.

मग एक बाई सूचनाफलक छापून घ्यायला आल्या. कुठल्याशा कंपनीत नोकरभरतीचं काम बघायच्या. भिंतीवरचा नमुना पाहून म्हणाल्या, “हे असं कुणाला देऊ नका हो. आता आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस. त्याला रकाने कळत नाहीत, ते सरळ आडवं वाचत जातं.” आणि माझीच फाइल घेऊन त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर त्या सॉफ्टवेअरमधून काढून दाखवली. पडद्यावर होतं : ‘डाय बनवणे विवाहित अचूक मोजमाप पोहणे ग्राइंडिंग वडिलांचे आजारपण.’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्रेसष्ट ठिकाणी मी माझ्या भावाला असं पाठवलं होतं.

दुकान तसंच उघडं टाकून मी त्याच्या घरी गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. तो ओरडेल असं वाटलं होतं.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “त्यांनी मला नाही म्हटलंच नाही?”

“वाचलंच नाही, तर नाही कोण म्हणणार?”

तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. “ताई, वैरीसुद्धा एवढ्या सुबक चौकटीत गाडत नाही गं!” भावजयही हसली. दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत दाढी करून दुकानात आला. आम्ही त्याचा हाताने लिहिलेला कागद जसाच्या तसा टाइप केला. चौकट नाही, रेघ नाही, वरून खाली एकच रकाना. मोकळी जागा मी मोकळी ठेवली. सात ठिकाणी पाठवला.

आठवड्याच्या आत उत्तरं यायला लागली. ‘आपला प्रदीर्घ अनुभव पाहता ही जागा आपल्या योग्यतेची नाही.’ ‘मधल्या खंडाचा विचार करता...’ सगळी अदबीने, नावानिशी. सहा नकार आले तरी तो तग धरून होता.

सातव्या ठिकाणाहून फोन आला तेव्हा तो दुकानातच होता. फोन कानाला लावून तो उभाच राहिला, शर्ट नीट करत. पलीकडच्या माणसाने ओळ न् ओळ वाचली होती. बाबांचीसुद्धा चौकशी केली. “हो सर... नाही सर, गेले ते,” हा म्हणाला. मग नुसता ऐकत राहिला. शेवटी आभार मानले आणि फोन ठेवला.

“माझ्यासारखी माणसं आता मिळत नाहीत म्हणाले. पण त्यांना पस्तिशीच्या आतला हवाय.”

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“यावेळी नीट वाचलं त्यांनी,” तो म्हणाला. “आता कुणाची चूक म्हणायची, ताई?”

टोमणा नव्हता तो. मी खरंच काहीतरी शोधून काढावं म्हणून तो माझ्याकडे बघत होता. मी त्याचं पान उघडलं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तारखा, हुद्दे, कारखान्याचं नाव, एकेक अक्षर. दोनदा वाचलं. कुठेच चूक नव्हती.