चार पावलांवरचे दार

मित्रांनो, या, जरा जवळ सरकून बसा. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात आता काहीच नाही, हवे तर हात घालून पाहा. फक्त एक गोष्ट उरली आहे, ती सांगते. ऐकायला जड जाईल, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म गोव्यातला, नदी समुद्राला मिळते तिथल्या एका वाडीतला. बोस्त्यांव सुताराने वठलेल्या फणसाच्या लाकडातून मला घडवले. आतून निळा रंग दिला, त्यावर चंदेरी कागदाच्या चांदण्या चिकटवल्या, दोन्ही बाजूंना वेताच्या कड्या बसवल्या. मग सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, हातभर मूर्ती माझ्यात उभी राहिली आणि मी धन्य झाले. दर वर्षी भातकापणी आटोपली की सायबीण वाडीतल्या घरोघरी मुक्कामाला जाई, एकेका घरी एक दिवस. संध्याकाळी शेजारी जमत, प्रार्थना होई, उकडलेले चणे आणि खोबरे वाटले जाई. दुसऱ्या दिवशी घराच्या धन्याने मला स्वतः उचलायचे आणि शेजारच्या धन्याच्या हातात द्यायचे. हातातून हातात, अशी रीत होती.

आणि आमचे गायनमास्तर मेस्त सालू, त्यांचे गाणे! ते व्हायोलिन छातीशी धरून प्रवचनच गात. "सायबा, भावाला किती वेळा माफ करू? सात वेळा?" हे येशूचा शिष्य होऊन खालच्या सुरात विचारत. मग "सात नव्हे रे, सत्तर वेळा सात" म्हणत सूर असा वर नेत, की माझ्या फळ्या थरथरत.

"मेस्ता, सत्तर साते किती ते सांग, तरच चणे मिळतील!" इनास ओरडे.

"चारशे नव्वद!" मागून त्याचा धाकटा भाऊ आलेश म्हणे. "त्यातले चारशे तर तुझ्यावरच संपले, भावा!"

सगळी ओसरी हसे. ओसरी दोघांची एकच होती. घराच्या मधोमध भिंत, दोन दारे, आणि दारांमध्ये चार पावले. इनासच्या हातातून आलेशच्या हातात जायला मला तेवढाच वेळ लागे.

नाताली ही इनास आणि कोन्सूची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची होती. एका सकाळी ती काकाच्या होडीतून खडकांना चिकटलेली शिनाणी, म्हणजे शिंपले, काढायला गेली. "आज पाण्याला ओढ आहे, नेऊ नकोस," इनासने बजावले होते. आलेश हसला. "नदी म्हणजे माझे अंगण रे!" नदीच्या मुखाशी होडी उलटली. आलेशने मुलीचे मनगट धरले होते. ते सुटले. तो एकटा परत आला.

त्या वर्षी इनासने मला उचलले, ओसरीच्या पायऱ्या उतरला, वाडीच्या टोकाला असलेल्या चॅपलात मला ठेवले आणि निघून गेला. मागून आलेश आला आणि मला तिथून घेऊन गेला. चार पावलांची वाट दोनशे पावलांची झाली. रीत मोडली हे सगळ्यांना दिसत होते. पण शोकातला माणूस, त्याला काय बोलायचे? पुढच्या वर्षी तेच झाले. मग तीच रीत होऊन बसली.

नऊ वर्षे, मित्रांनो. दर वर्षी आलेश आपल्या दारात हात पुढे करून उभा राही, आणि इनास त्याच्यासमोरून पायऱ्या उतरे. प्रार्थनेला मी इनाससमोरच असे, म्हणून मला ठाऊक आहे. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की त्याचे ओठ मिटत. ती सरली की तो पुन्हा सर्वांच्या सुरात मिसळे. मेस्त सालूही गात राहिले, पण आता कोणी सत्तर साते विचारत नसे.

दहाव्या वर्षी आलेशची छाती कफाने भरली, जगण्याची आशा उरली नाही. बाहेरच्या खोलीत खाट टाकली होती, दार सताड उघडे होते.

"चार पावले रे इनास," कोन्सू म्हणाली. "पायांत गोळे आलेत का तुझ्या? मी तिची आई. मी माफ केले."

"तू केलेस. मला जमत नाही."

"मलाही जमत नाही. रोज सकाळी उठून नव्याने करते."

इनासने मला उचलले. एक पाऊल, दोन, तीन. आलेशने पडल्यापडल्या दोन्ही हात वर केले. "भावा, दे."

इनास असा मध्येच थांबला की सायबिणीचा मुकुट माझ्या फळीवर वाजला. ज्यांतून नातालीचे मनगट सुटले होते ते हात त्याने पाहिले आणि तो वळला. व्हायोलिन मध्येच थांबले.

चॅपलात मला ठेवून तो गुडघ्यांवर बसला. प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली. ओठ मिटले, उघडले, आणि ती ओळ रडत बाहेर पडली. मग मला छातीशी कवटाळून तो धावत सुटला. दोनशे पावले! म्हातारा माणूस, धापा टाकत, "आणतो रे, आणतो!"

ओसरीवरून कोन्सूचा आक्रोश ऐकू आला. आलेशचे हात कुणीतरी छातीवर जुळवले होते, त्यांत जपमाळ गुंफली होती.

"घे," इनास म्हणाला. "घे ना रे." घेणारे कोणी नव्हते.

पुढे सायबिणीसाठी काचेची नवी पेटी आली. मला इनासने मागून घेतले. माझ्या चांदण्या गळाल्या, तळाला वाळवी लागली. रोज संध्याकाळी तो मला रिकामीच उचलतो, चार पावले चालतो, आलेशच्या बंद दाराशी ती एक ओळ म्हणतो आणि परत येतो. सायबिणीने त्याला केव्हाच पदरात घेतले असेल. पण त्याच्यापर्यंत ती माफी पोचत नाही.

मित्रांनो, मला रंग लावा, वाळवीपासून वाचवा, असे मी म्हणणार नाही. आज प्रार्थनेला बसाल तेव्हा त्या ओळीवर ओठ मिटू नका. आणि तिथे क्षणभर आलेशची आठवण काढा. दार उघडे ठेवून, हात वर करून तो वाट पाहत होता.