अर्ध्यावर अडकलेला खटका

जुने कॅमेरे जमवायचं खूळ शिंप्याच्या डोक्यात शिरलं आणि पहिलाच कॅमेरा त्याने गल्लीतल्या एका काकूंकडून घेतला. देतानाच काकू म्हणाल्या, "टायमरचा खटका अर्ध्यावर अडकलाय बरं का. आमच्या दोघांचा फोटो काढायचा म्हणून ह्यांनी तो लावला, माझ्याकडे धावत यायला निघाले आणि वाटेतच कोसळले. ते गेलेच. फोटो निघालाच नाही, रोल अजून आतच आहे."

शिंप्याची पाचावर धारण बसली, पण 'मग नको' म्हणायला जीभ रेटेना. घरी येऊन त्याने कॅमेरा खिडकीतल्या फळीवर टेकवला, तोही नेमका सोफ्याकडे तोंड करून. नंतर त्याला हात लावायची छाती होईना.

दुपारी ऊन थेट फळीवर आलं. बायको सोफ्यावर चहा घेऊन बसली होती. "अहो, निवतोय, या की इकडे," म्हणत तिने शेजारची उशी सरकवली. तो निघाला, तोच मागून घर्रर्र आवाज आला. इतकी वर्षं अडकलेला खटका उन्हाने सैल होऊन सरकत होता.

शिंप्याला काकूंचे यजमान आठवले. सोफा चार पावलांवर होता, पण पाऊल पुढे पडेना. छातीवर हात दाबून तो भिंतीला चिकटला.

खट्.

"अगंबाई, निघाला वाटतं फोटो!" बायको हसली. मग तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"म्हणजे, त्यात मी एकटीच?"