साक्षीदाराची सही

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या त्या रंगांच्या कंपनीत नीलांबरीला बावीस वर्षं झाली होती, आणि हल्ली संध्याकाळी गुडघे त्याची आठवण करून देत. त्यात एचआरने नवं काम गळ्यात मारलं. कंपनीच्या सव्वाशेव्या वाढदिवसाला तिथल्या पहिल्या स्त्री-रसायनशास्त्रज्ञावर दहा मिनिटं बोलायचं. संशोधन विभागात बायका दोनच, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. तेव्हा निवड कशी झाली हे सांगायला नको.

बाईंचं नाव हॅरिएट क्रोवेल. १९१२ ते १९३९, सत्तावीस वर्षं नोकरी. एचआरच्या कागदावर त्यांच्याविषयी दोनच शब्द होते: निष्ठावान साहाय्यक.

नीलांबरी तळघरात जुन्या प्रयोगवह्या चाळायला बसली. वहीची रीत तेव्हाही आजच्यासारखीच. प्रयोग करणाऱ्याची सही पानाच्या वर. खाली, ज्याचा त्यात हात नाही अशा साक्षीदाराची, 'वाचलं, समजलं' म्हणून. पेटंटवर नाव लागतं ते वरच्याचं. साक्षीदाराला तिथे जागा नाही.

या वह्यांत वर सही बाईंच्या साहेबांची होती, खाली हॅरिएटबाईंची. पण मधला सगळा मजकूर खालच्या सहीच्याच बारीक, तिरप्या अक्षरात. आम्ल कुठे जास्त झालं, लाल रंग कितव्या दिवशी उन्हात विटला, बोट भाजलं तेसुद्धा. शेवटी न विटणारा लाल सापडला, त्यावर कंपनी उभी राहिली, आणि बाई स्वतःच्याच कामाच्या साक्षीदार राहिल्या.

नीलांबरीला राग आला, पण चिडायचंही त्राण नव्हतं. ती वर आली तर टेबलापाशी राजीव उभा. तिचा बॉस, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, वागायला गोड. हातात नव्या निळ्या रंगावरच्या प्रयोगांची वही.

"नीलांबरीताई, पटकन विटनेस म्हणून सही करा ना. लॉयर वेट करतोय, आज पेटंट फाइल करायचंय."

तिने पान पाहिलं. प्रयोग तिचा, हिवाळाभर उभं राहून केलेला. राजीव मीटिंगांत अडकलेला म्हणून लिहिलाही तिनेच. आधीच्या चाळीस पानांवर वर राजीवची आणि खाली तिची सही होतीच, काय फरक पडतो म्हणून दर शुक्रवारी ठोकलेली. कोणी हात धरून करवून घेतली नव्हती. याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"राजीव, हे प्रयोग कोणी केले?"

"तुम्हीच, ताई. टीमवर्क आहे ना. पण तुम्ही ऑलरेडी विटनेस आहात. आता तुमचं नाव ॲड केलं तर पेटंट गोत्यात येईल."

पेटंट गोत्यात म्हणजे नोकरीही गोत्यात, आणि चोपन्नाव्या वर्षी दुसरी कोण देणार? नीलांबरी खुर्चीत टेकली. आवाजात भांडण नव्हतं, नुसता थकवा होता.

"येऊ दे. लॉयरला सांग, चाळीस पानांवरची साक्ष खोटी आहे. मीच दिली, विचारलं तर मीच सांगेन."

 तिने पानाच्या वर, राजीवच्या सहीसाठी सोडलेल्या जागेत, आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पेन त्याच्याकडे सरकवलं.

"खाली तू कर."