कापलेल्या कडव्याची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, आणि तीही स्वस्तातली. ऐंशीच्या दशकातली गाजलेली पॉप आणि रॉक गाणी माझ्या पोटात कोंबली आहेत. कोंबली असंच म्हणायचं, कारण कंपनीला फीत वाचवायची होती. म्हणून बहुतेक गाण्यांचं शेवटचं कडवं कारखान्यातच उडवलं. दुकानात दर्दी मंडळी मला उचलत आणि नाक मुरडून परत ठेवत. फार वाईट वाटायचं.

शेवटी कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला घरी नेलं. शिलाई मशीनच्या खडखडाटावरही माझा आवाज चढायचा, म्हणून त्या माझ्यावर खूश! पुढे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चालण्याचा सरावही त्यांनी माझ्याच तालावर केला. सोबतीला शेजारच्या दोघी येऊ लागल्या. बघता बघता व्यायामाचा नाच झाला आणि तिघींनी वसाहतीच्या नृत्यस्पर्धेत नाव दिलं.

"आई, या वयात हसं होईल हो," सूनबाई म्हणाली.

"होऊ दे. एकदा तरी स्टेजवर नाचायचंय मला."

स्पर्धेच्या दिवशी शुभशकुन म्हणून बाईंनी मला पर्समध्ये टाकलं. आयोजकांनी मात्र हौसेने मोबाइलवरून मूळ, अख्खं गाणं लावलं. तिघी झकास नाचल्या, हात वर करून ऐटीत थांबल्या, आणि गाणं आपलं चालूच! ते कडवं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पटांगणात हशा पिकला. माझा जीव टांगणीला लागला.

"आम्ही नाही चुकलो!" बाई माइकवर गरजल्या. "गाणंच लांबलंय. आमची कॅसेट लावा!"

"मावशी, आता कॅसेट वाजवायची कशावर?"

"माझ्या गाडीत आहे की टेप!" लाउडस्पीकरवाला ओरडला.

सूनबाई मला घेऊन धावतच सुटली. त्याने गाडीतल्या स्पीकरपाशी माइक धरला. माझी फीत जुनी. एकदा अडकली असती तरी सगळं मुसळ केरात! पण मी जीव तोडून गायले. तिघींचे हात वर गेले आणि त्याच क्षणी मी थांबले. सगळं पटांगण उठून उभं राहिलं. सूनबाईने तर चक्क शिट्टी मारली. पहिलं बक्षीस आमचं!

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, अधूनमधून वाजवा. आणि घरातली एखादी आई नाचायला उभी राहिली, तर गाणं तिच्या मापाचं लावा.