लोकापारोच्या पोटातली रेघ

आसामातल्या रणथलीत सोनारांची घरं पुष्कळ, पण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसावं ते दंडेश्वरनेच. दागिना दुरुस्तीला आला की तो आधी माणसाची विचारपूस करी, मग दागिन्याची. कुणाच्या लग्नातला, कुणी मोडला, कशापायी. बायको म्हणे, "तुम्ही भिंगातून सोनं कमी आणि लोकांचे संसारच जास्त बघता." ते खरंच होतं, आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे.

बिहूचा सण तोंडावर आला असताना पदुमी आणि तिची पाठची बहीण जुनुकी त्याच्या पडवीत आल्या. त्यांची आई माघात गेली, तेव्हापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कारण मात्र दंडेश्वरला आज कळलं. पदुमीने अंगावरच्या चादरीच्या पदराची गाठ सोडून आईचा लोकापारो पाटावर ठेवला. पाठीला पाठ लावून बसलेली सोन्याची दोन पाखरं, पंखांवर लाल-हिरवा मिना, गळ्यात बांधायला काळा गोफ.

"खुरा, याचे दोन करा. एक पाखरू मला, एक तिला," पदुमी म्हणाली. गावच्या पोरी दंडेश्वरला खुरा, म्हणजे काका, म्हणत. "लग्नात हा मी घातला होता, आठवतंय का विचारा तिला."

"आईचं दुखणं कुणी काढलं, तेही विचारा तिला," जुनुकी म्हणाली.

"मी काय टपाल खात्यात आहे का?" दंडेश्वर म्हणाला. "आणि ऐका. वर सोन्याचा पातळ पत्रा, खाली चांदी, आत लाख. दोन्ही पाखरांचं पोट एकच आहे. कापलं तर लाख भुरभुरेल, सोनं चेपेल."

"चेपू दे," दोघी एकदमच म्हणाल्या. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

कापायचं तर आधी लाख काढायला हवी. दंडेश्वरने शेगडीतले निखारे फुंकले. हात चालू लागले तसं त्याचं तोंडही सुरू झालं. ही पाखरं तोंड फिरवून का बसतात, हा त्याचा जुना प्रश्न होता. लहानपणी त्याने वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले होते, "आधी घडवायला शीक."

"आई म्हणायची, एक माहेराकडे बघतंय, एक सासरकडे," पदुमी म्हणाली.

जुनुकीने चमकून तिच्याकडे पाहिलं, मग सोनाराला म्हणाली, "मला तर म्हणायची, भांडलीत ती."

दंडेश्वरचे कान टवकारले. एकाच आईची दोन उत्तरं कशी? पण मागचा पत्रा सुटला होता, लाख पाघळून थेंब थेंब वाटीत पडत होती. त्याने चिमट्याने लोकापारो उजेडात धरला, भिंग लावलं, आणि बोलायचाच थांबला. रणथलीत असं क्वचितच होतं.

"हा कापायला याआधी कुणी आणला होता?"

"कुणी नाही. आईच्या पेटीतच असायचा."

"मग हे बघा."

आत, चांदीवर, दोन पाखरांच्या बरोब्बर मधून एक डाखाची रेघ गेली होती. करवतीच्या जुन्या खुणा तिच्या दोन्ही अंगांना दिसत होत्या. कुणीतरी पूर्वी याचे एक घाव दोन तुकडे केले होते आणि मग पुन्हा सांधले होते. बाहेरून सोन्यावर त्याचा मागमूस नव्हता. कोपऱ्यात बारीक मासोळीचा ठसा होता, दंडेश्वरच्या वडिलांचा.

दोघी भिंगावर वाकल्या. एकीचं डोकं दुसरीला लागलं, तरी कुणी मागे सरकलं नाही.

"चंपा माही," पदुमी हळूच म्हणाली. चंपा माही ही त्यांच्या आईची धाकटी बहीण. "आजी एकदा बोलून गेली होती, की आई नि माही एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. मला वाटलं, आजी चळलीय."

"अगं, पण माही तर प्रत्येक बिहूला तांदळाचा गोड पिठा घेऊन यायची," जुनुकी म्हणाली. या वेळी ती बहिणीशीच बोलत होती. "दोघींत आधी बोलायला कोण आलं असेल?"

"आई."

"छे. आईचा हट्ट तुझ्यासारखा होता, बाइदेउ. माहीच आली असेल," जुनुकी थोरलीला म्हणाली.

दोघींनी दंडेश्वरकडे पाहिलं. गावभरच्या बातम्या ठेवणाऱ्या माणसाला नेमकी हीच माहीत नव्हती. वडिलांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. त्याला त्यांचा अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

"मला नाही ठाऊक," तो म्हणाला. त्याने करवत उचलली. "कापून देतो. कापणं सोपं आहे. पण मिना न उडवता घातलेला हा सांधा मला येत नाही. बाबांनी शिकवला नाही, आणि मीही विचारला नाही. पुन्हा जोडायला आलात, तर मी काय करू?"

वाटीतली लाख घट्ट होत आली होती.

"लाख भरा, खुरा," शेवटी पदुमी म्हणाली.

लाख भरून, पत्रा बसवून, लोकापारो निवेपर्यंत लाल चहा झाला, तामूल-पान झालं. मग पदुमीने तो जुनुकीच्या हातात दिला. "यंदाच्या बिहूला तू घाल."

जुनुकीने गळ्याशी धरला आणि गोफाची टोकं मानेमागे नेली. गाठ काही बसेना. गोफ निसटायचा, पाखरं खाली घसरायची.

पदुमी उठून तिच्या पाठीमागे उभी राहिली.

"मान खाली घाल जरा," ती म्हणाली.